छताखालचे टेनिस

कोलकात्यात सप्टेंबर हा भरवशाचा महिना नव्हे. दुर्गापूजा तोंडावर आलेली असते, कुमारटुलीच्या गल्ल्यांत मूर्तिकारांचे हात अखंड चालत असतात, चौकाचौकांत मंडपांचे बांबू उभे राहत असतात आणि आकाश मात्र केव्हा फुटेल याचा नेम नसतो. अशा दिवसांत उघड्या मैदानावर टेनिसचे आंतरराष्ट्रीय सामने भरवणे म्हणजे पर्जन्यराजाशी पैज लावण्यासारखेच होय. २००५, २००६ आणि २००७ या लागोपाठच्या तीन वर्षी कोलकात्याने ही पैज लावण्याचे नाकारले. ईडन गार्डन्स या क्रिकेटच्या विख्यात क्रीडांगणाशेजारी उभ्या असलेल्या नेताजी इनडोअर स्टेडियमच्या विशाल छताखाली या शहराने स्त्रियांच्या टेनिसची एक जागतिक दर्जाची स्पर्धा भरवली. तिचे नाव 'सनफीस्ट ओपन'. तीन वर्षे ती मोठ्या थाटाने झाली आणि चौथ्या वर्षी झालीच नाही. आज तिचे स्मरण टेनिसच्या जुन्या नोंदी चाळणाऱ्यांखेरीज फारसे कोणाला नसेल. परंतु या अल्पायुषी स्पर्धेच्या कथेत भारतीय टेनिसच्या दैवाचे बरेच धागे गुंतलेले आहेत.

टेनिस हा मुळात उघड्यावरचा खेळ, त्याला छताखाली नेणे ही अलीकडची सोय, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. इतिहास नेमका याच्या उलट आहे. आजच्या टेनिसचा जो पूर्वज, तो फ्रान्स आणि इंग्लंडमधील राजवाड्यांच्या आश्रयाने वाढलेला खेळ चार भिंतींच्या आत खेळला जात असे. चेंडू भिंतीवरून उसळणे हा त्या खेळाचा एक भागच होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात 'टेनिस कोर्टावरील शपथ' म्हणून जो प्रसंग आपण शाळेत वाचतो, तो हिरवळीवर घडलेला नाही. २० जून १७८९ रोजी व्हर्साय येथे सभागृहाचे दार बंद आढळले, तेव्हा लोकप्रतिनिधी जवळच्या ज्या इमारतीत शिरले ती टेनिसची छप्पर असलेली इमारत होती. म्हणजे युरोपच्या इतिहासातील एक महान प्रतिज्ञा टेनिसच्या छताखालीच उच्चारली गेली आहे!

खेळ बाहेर आला तो रबराच्या जोरावर. जुना चेंडू चिंध्या आणि लोकर ठासून केलेला असे. गवतावर तो उसळत नसे. प्रक्रिया केलेल्या रबराचा पोकळ चेंडू निघाला आणि हिरवळीवर टेनिस शक्य झाले. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी या नव्या खेळाचे एकस्व घेतले आणि तीनच वर्षांनी, १८७७ च्या जुलै महिन्यात, विम्बल्डन येथे पहिली स्पर्धा झाली. तिचा अंतिम सामना सोमवारी व्हायचा होता, तो पावसामुळे गुरुवारी झाला. राजवाड्यातून बाहेर पडलेल्या या खेळाला निसर्गाने पहिल्याच वर्षी आपली ओळख करून दिली.

तेव्हा इंग्रज पुन्हा छताकडे वळले यात नवल नाही. १८८५ मध्ये लंडनच्या हाइड पार्क क्लबात छताखालच्या कोर्टांवरील ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली आणि १८९० पासून ती क्वीन्स क्लबाच्या लाकडी तक्तपोशीवर होऊ लागली. लाकडावर चेंडू फार उसळत नाही, घसरत आणि वेगाने येतो. मागे राहून संथपणे परतवीत बसणाऱ्याचे तेथे काम नसे. जाळ्याशी धावून जाऊन चेंडू हवेतच उडवणाऱ्या खेळाडूंची ती भूमी. लॉरेन्स डोहर्टी याने १९०१ ते १९०६ अशी सलग सहा वर्षे तेथे एकेरीचे पद राखले. पुढे फ्रान्सच्या झाँ बोरोत्राने हे पद एकंदर अकरा वेळा मिळवले. त्याचा पहिला विजय १९२६ सालचा आणि शेवटचा १९४९ सालचा, म्हणजे वयाची पन्नाशी गाठल्यानंतरचा. १९०८ च्या लंडन आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तर उघड्यावरचे टेनिस आणि छताखालचे टेनिस या दोन वेगळ्या स्पर्धा मानल्या गेल्या आणि दोहोंसाठी वेगवेगळी सुवर्णपदके दिली गेली. स्टॉकहोमच्या उघड्यावरील स्पर्धेच्या तारखा नेमक्या विम्बल्डनच्या आड आल्या, म्हणून इंग्रज खेळाडू तिकडे फिरकले नाहीत. मे महिन्यातील छताखालच्या स्पर्धेत मात्र ते उतरले. स्पर्धांच्या तारखांचे हे भांडण टेनिसला तेव्हापासून चिकटलेले आहे आणि कोलकात्याच्या कथेतही ते पुन्हा भेटणार आहे. लंडनची ती जुनी स्पर्धा १९७१ नंतर बंद पडली. छताखालच्या स्पर्धांना दीर्घायुष्य क्वचितच लाभते, असे या नोंदी पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

आपल्या देशात टेनिस आले ते लष्करी छावण्या आणि जिमखाने यांच्या वाटेने. लाहोरची पंजाब स्पर्धा १८८५ ची, कलकत्त्याची बंगाल स्पर्धा १८८७ ची. अलाहाबादची अखिल भारतीय स्पर्धा त्यानंतरची, १९१० मधली. पाऊस येथे तिकडच्यासारखा अवचित येत नाही, चार महिने मुक्कामालाच येतो. म्हणून भारतीय टेनिसने एक सोपा तोडगा काढला : पावसाळ्यात मोठी स्पर्धा भरवायचीच नाही. मोसम हिवाळ्याचा. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांतून पावसाळा आला की टेनिसची मातीची कोर्टे ओस पडत आणि मंडळी आत बॅडमिंटन किंवा टेबल-टेनिसकडे वळत. याचे कारण केवळ सवयीचे नाही, मोजमापाचेही आहे. बॅडमिंटनचे कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. साध्या सभागृहातही ते बसते. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद. त्याच्या मागेपुढे आणि दोन्ही अंगांना धावायला जागा सोडली, की १२० फूट लांबी आणि ६० फूट रुंदी लागते, आणि वर उंच उडालेला चेंडू अडणार नाही इतके उंच, मध्ये एकही खांब नसलेले छत. एवढे छत केवळ टेनिससाठी कोणता जिमखाना बांधणार?

छत बांधले गेले ते दुसऱ्याच एका खेळाच्या निमित्ताने, आणि तोही ९ फूट लांब व ५ फूट रुंद मेजावर खेळला जाणारा! टेबल-टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आशियात प्रथम भरली ती १९५२ मध्ये मुंबईत. जपानच्या हिरोजी सातो याने स्पंज लावलेली बॅट आणून युरोपच्या मातब्बरांना चकित केले, ती हीच स्पर्धा. १९७५ मध्ये तोच मान कलकत्त्याकडे गेला आणि त्या स्पर्धेसाठी नेताजी इनडोअर स्टेडियम उभारण्यात आले. हजारो प्रेक्षकांना सामावून घेणाऱ्या त्या वास्तूत पुढे तऱ्हतऱ्हेचे सोहळे झाले. तीस वर्षांनी तिच्यात टेनिसचे जाळे ताणले गेले.

कलकत्त्याला टेनिस नवे नव्हते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या साऊथ क्लबाच्या हिरवळीवर नरेश कुमार, प्रेमजित लाल, जयदीप मुखर्जी यांच्यासारखे खेळाडू घडले होते. १९६६ च्या डिसेंबरात याच शहरात भारत आणि ब्राझील यांच्यात डेव्हिस चषकाचा सामना झाला. निर्णायक लढतीत रामनाथन कृष्णन थॉमस कोख याच्याविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पिछाडीवर होता आणि चौथ्या सेटमध्येही २-५ असा मागे पडला होता. तेथून त्याने तो सेट जिंकला, पाचवाही जिंकला आणि भारत प्रथमच या चषकाच्या अखेरच्या झुंजीपर्यंत पोचला. ते दृश्य पाहिलेली माणसे या शहरात होती. हरणारा कसा हरतो आणि उठणारा कसा उठतो हे त्यांना कळत होते. अशा जाणत्या प्रेक्षकांपुढे २००५ मध्ये स्त्रियांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली.

ती नेमकी त्याच वर्षी यावी याला कारण होते आणि त्या कारणाचे नाव सानिया मिर्झा. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली ही मुलगी २००५ च्या फेब्रुवारीत हैदराबादची स्पर्धा जिंकून गेली. जागतिक दौऱ्यावरील एकेरीचे अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सप्टेंबरमध्ये तिने अमेरिकन स्पर्धेची चौथी फेरी गाठली, तेथे मारिया शारापोवाने तिला थांबवले. त्या मुलीचे वय होते अठरा. टेनिस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते अशा घरांतही तिचे नाव गेले, आणि नावाबरोबर नसते वादही आले. तिच्या खेळाच्या पोषाखावर काही धर्मगुरूंनी आक्षेप घेतला होता. कोलकात्यास ती आली तेव्हा तिच्याभोवती पोलिसांचा कडक बंदोबस्त ठेवावा लागला. छत हे पावसापासून रक्षण करते. इतर गोष्टींपासून रक्षण करायला पहारेच बसवावे लागतात.

ही स्पर्धा बिस्किटांच्या नावाने ओळखली जात होती, याची त्या वेळी थोडी थट्टाही झाली असेल. पण व्यावसायिक टेनिसची रीतच तशी आहे. स्त्रियांच्या जागतिक संघटनेच्या तेव्हाच्या प्रतवारीत ही स्पर्धा तिसऱ्या श्रेणीची होती. बत्तिसजणींची मुख्य सोडत आणि पावणेदोन लाख डॉलरच्या आसपास बक्षिसे. एवढा पैसा तिकिटांतून उभा राहत नाही. तो प्रायोजक देतो आणि त्या बदल्यात आपले नाव स्पर्धेला लावतो. कोलकात्यातच मुख्य कचेरी असलेल्या आय.टी.सी. या कंपनीचे सनफीस्ट हे बिस्किटांचे नाव. ते बाजारात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. कंपनीला नाव पोचवायचे होते आणि शहराला टेनिस हवे होते. या दोन गरजा एका ठिकाणी आल्या, म्हणून स्पर्धा झाली. त्यांतली एक सरली की काय होते, ते पुढे दिसतेच.

पहिल्या वर्षी एकेरीचे पद रशियाच्या अनास्तासिया मिस्किनाने नेले. आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, फ्रेंच स्पर्धा जिंकून ती रशियाची पहिली महाविजेती ठरली होती. पण २००५ हे वर्ष तिला कठीण गेले होते; कोलकात्यास येईपर्यंत त्या वर्षातील एकही पद तिच्या हाती नव्हते. अंतिम सामन्यात तिने क्रोएशियाच्या कॅरोलिना श्प्रेमला ६-२, ६-२ असे सहज हरवले. त्या संध्याकाळी कोणाच्या ध्यानीमनी नसेल, परंतु मिस्किनाच्या कारकिर्दीतले ते शेवटचे अजिंक्यपद ठरले. दुहेरीतही येलेना लिखोवत्सेवा हिच्या जोडीने तीच जिंकली. अंतिम फेरीत या दोघींपुढे होत्या नेहा आणि शिखा उबेरॉय या अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या भगिनी.

दुसरे वर्ष, २००६ चे, या स्पर्धेचे सर्वांत भाग्याचे वर्ष म्हणावे लागेल. कारण त्या वर्षी मार्टिना हिंगीस आली. सोळाव्या वर्षी जगातील पहिल्या क्रमांकावर पोचलेली आणि पायाच्या दुखण्याने विशी ओलांडताच मैदान सोडून गेलेली ही स्विस खेळाडू २००६ च्या जानेवारीत परतली होती. मधल्या काळात खेळ बदलला होता. अंगात बळ असलेल्या, सर्व्हिसवरच निम्मा सामना जिंकणाऱ्या खेळाडूंचे युग आले होते. हिंगीसपाशी ते बळ पूर्वीही नव्हते. तिच्यापाशी होती ती दृष्टी : चेंडू कोठे येणार हे इतरांच्या अगोदर पाहणारी आणि तो कोठे धाडला असता समोरची अडचणीत येईल हे हेरणारी. छताखाली वारा नसतो, डोळ्यांवर ऊन येत नाही, चेंडूच्या वाटेत निसर्ग येत नाही. नेमकेपणावर जगणाऱ्या खेळाडूला याहून अनुकूल जागा नाही.

त्या वर्षीच्या उपान्त्य सामन्यात हिंगीस आणि सानिया समोरासमोर आल्या. प्रेक्षकांची इच्छा काय होती हे सांगायला नको. निकाल होता ६-१, ६-०. कोर्टावर मालकी कोणाची याविषयी शंकेला जागाच उरली नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला आपल्या माणसांदेखत एवढ्या ठळक रीतीने हरावे लागणे ही साधी गोष्ट नव्हे. परदेशात हरलेला सामना वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळींत निभावून जातो. घरच्या अंगणातला पराभव सर्वांच्या डोळ्यांत राहतो. हिंगीसने पुढे रशियाच्या ओल्गा पुचकोवाला ६-०, ६-४ असे हरवून पद मिळवले.

परंतु याच आठवड्यात सानियाने दुसरी एक गोष्ट करून दाखवली. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या लिझेल ह्यूबर हिच्या जोडीने तिने दुहेरीचे पद जिंकले. या जोडीने २००४ मध्ये हैदराबादेत आणि २००६ च्या आरंभी बंगलोरात दुहेरी जिंकली होती. आता कोलकाताही जिंकले. त्याहून मौजेची गोष्ट पुढच्या आठवड्यात घडली. कोलकात्याहून खेळाडू कोरियातील सोल येथे गेल्या आणि तेथे पुन्हा हिंगीसची आणि सानियाची गाठ पडली. या वेळी पहिला सेट ४-६ असा गमावूनही सानियाने पुढचे दोन ६-०, ६-४ असे घेतले आणि हिंगीसला स्पर्धेबाहेर घालवले. काही दिवसांपूर्वी जिच्यापुढे एकच गेम हाती लागला होता, तिलाच मधल्या सेटमध्ये एकही गेम मिळू न देणे याला जिद्दीखेरीज दुसरे नाव नाही. दुर्दैव इतकेच, की हे कोलकात्याच्या प्रेक्षकांना प्रत्यक्ष पाहता आले नाही.

तिसऱ्या वर्षाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. रशियाच्याच वीस वर्षांच्या मारिया किरिलेंकोने युक्रेनच्या मारिया कोरित्सेवाला ६-०, ६-२ असे हरवले. दुहेरी व्हानिया किंग आणि आला कुद्रियावत्सेवा यांनी जिंकली. जाळे उतरवले गेले, दिवे विझले, आणि २००८ च्या कार्यक्रमपत्रिकेत कोलकात्याचे नाव उमटले नाही. त्याच २००७ च्या नोव्हेंबरात हिंगीसनेही दुसऱ्यांदा निवृत्ती जाहीर केली.

मुंबईकरांनी या वेळी कोलकात्याकडे दयेने पाहण्याचे कारण नव्हते. कारण याच दोन वर्षी, २००६ आणि २००७ मध्ये, सप्टेंबरच्या अखेरीस मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती, तीही उघड्या कोर्टांवर. कोलकात्याची स्पर्धा संपताच मुंबईची सुरू, असा तो क्रम होता. पहिल्या वर्षी दिमित्री तुर्सुनोवने टोमास बर्डिखला आणि दुसऱ्या वर्षी रिशार गास्केने ओलिव्हिए रोखुसला हरवून पद नेले. महेश भूपतीने मारिओ आंचिचच्या साथीने २००६ ची दुहेरी जिंकली. ही स्पर्धा एका विमान कंपनीच्या नावाने होत असे. २००८ मध्ये ती बंगलोरला नेण्याचे ठरले आणि सुरक्षिततेच्या चिंतेने ती तेथे झालीच नाही. प्रायोजक विमान कंपनीची विमाने २०१२ मध्ये जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. तेव्हा एका शहरात छत होते, दुसऱ्या शहरात नव्हते; नशीब मात्र दोघांचे सारखेच निघाले.

असे का होते, हे समजण्यासाठी व्यावसायिक टेनिसची घडण थोडी पाहावी लागते. रणजी चषकाच्या सामन्याला जसे यजमान शहर असते, तसा प्रकार येथे नाही. येथे मालमत्ता म्हणजे कोर्ट नव्हे, प्रेक्षकांची आसने नव्हेत. मालमत्ता म्हणजे वर्षातील एक आठवडा. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकी बरेचसे चार महास्पर्धा आणि त्यांच्या पूर्वतयारीच्या स्पर्धा घेऊन टाकतात. उरलेल्या आठवड्यांचे परवाने जागतिक संघटना देते, ते विकत घेतले जातात, भाड्याने चालवले जातात, एका देशातून दुसऱ्या देशात हलवले जातात. सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा हा अमेरिकन स्पर्धेनंतरचा, दमलेल्या खेळाडूंचा आठवडा. त्याच सुमारास आशियात इतरत्रही स्पर्धा चालू होत असत आणि नामवंत खेळाडू कोठे जातील याची चढाओढ असे. खेळाडू आली नाही तर प्रेक्षक येत नाही, प्रेक्षक आला नाही तर प्रायोजक राहत नाही, आणि प्रायोजक गेला की तो आठवडा दुसऱ्या कोणत्या तरी शहराचा होतो. चेन्नईचेच पाहा. १९९६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली पुरुषांची स्पर्धा १९९७ मध्ये चेन्नईस गेली, वीस वर्षे तेथे नांदली आणि २०१८ मध्ये पुण्यास, बालेवाडीस आली. पुणेकरांनी झिल सिमाँ पाहिला, २०१९ मध्ये केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच या दोन उंच माणसांची तीनही सेट टायब्रेकवर गेलेली अंतिम झुंज पाहिली. आणि २०२३ च्या जानेवारीत टॅलन ग्रीक्सपूरने पद जिंकल्यानंतर पुण्यातील तो अध्यायही संपला.

याची झळ कोणाला लागते? जागतिक कीर्तीच्या खेळाडूला नव्हे. तिला एक शहर गेले तर दुसरे मिळते. झळ लागते ती देशातील दोनशे, तीनशे, चारशे अशा क्रमांकांवर झगडणाऱ्या मुलींना. घरच्या स्पर्धेत यजमान देशाच्या दोन-तीन खेळाडूंना वाइल्ड कार्ड म्हणून थेट प्रवेश मिळतो. पहिल्या फेरीत हरली तरी तिला क्रमवारीचे गुण मिळण्याची संधी असते, थोडा पैसा मिळतो, आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जगातील पहिल्या पन्नासांतील खेळाडूचा चेंडू आपल्या रॅकेटवर किती जड पडतो हे कळते. हे ज्ञान सरावाच्या कोर्टावर मिळत नाही. २००८ च्या मार्चमध्ये बंगलोरची स्पर्धा सेरेना विल्यम्सने जिंकली, त्यानंतर तीही बंद झाली. आणि जागतिक दौऱ्याच्या मुख्य श्रेणीची स्त्रियांची स्पर्धा भारतात पुन्हा भरण्यास २०२२ चा सप्टेंबर उजाडावा लागला. ती चेन्नईत भरली. मधल्या काळात पुण्यास २०१२ मध्ये आणि मुंबईस २०१७ व २०१८ मध्ये खालच्या श्रेणीच्या स्पर्धा झाल्या, हे खरे. पुण्याच्या त्या स्पर्धेत एलिना स्वितोलिना आणि मुंबईच्या स्पर्धेत आरिना साबालेन्का या पुढे नावारूपास आलेल्या मुली जिंकून गेल्या, यावरून पाहणाऱ्यांचे भाग्य ध्यानात येईल. परंतु मुख्य श्रेणीची चौदा वर्षे रिकामी गेली. या चौदा वर्षांत ज्या मुली मोठ्या झाल्या त्यांना गुणांसाठी परदेशांतील लहानसहान गावांच्या वाटा तुडवाव्या लागल्या, विमानाचे भाडे बक्षिसापेक्षा जास्त अशा अवस्थेत.

त्यांत दोन नावे महाराष्ट्राला जवळची आहेत. अहमदाबादेत जन्मलेली अंकिता रैना पुण्यात येऊन पी.वाय.सी. हिंदू जिमखान्यावर हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली तयार झाली आणि जागतिक दौऱ्यावरील आपले पहिले दुहेरीचे पद तिने २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मिळवले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने शिक्षण आणि टेनिस यांची सांगड घालण्यासाठी अमेरिकेतील टेक्सासच्या विद्यापीठाचा रस्ता धरला. पुढे २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई खेळांत रोहन बोपण्णाच्या जोडीने तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. कोलकात्यात सानिया आणि हिंगीस खेळत होत्या तेव्हा अंकिता तेरा वर्षांची होती आणि ऋतुजा दहा. जे छत त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्या डोक्यावर असायला हवे होते, ते त्या वयात येण्यापूर्वीच दुसऱ्या कामांना लागले होते.

छताखालचे टेनिस भारतात त्यानंतर अगदीच झाले नाही असे नाही. २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये रॉजर फेडरर आणि नोव्हाक जोकोविच यांच्यासारखे खेळाडू एका संघस्पर्धेनिमित्त आले. नगारे, दिवे, संगीत सारे काही होते. क्रमवारीचे गुण तेवढे नव्हते. ती इंटरनॅशनल प्रीमियर टेनिस लीग २०१६ नंतर संपली. दुसरीकडे उघड्यावरच्या मातब्बर स्पर्धांनीच आपल्या कोर्टांवर सरकती छते बसवली. मेलबर्नने १९८८ मध्ये, विम्बल्डनने २००९ मध्ये, न्यूयॉर्कने २०१६ मध्ये आणि पॅरिसने २०२० मध्ये हे केले. १८७७ मध्ये पावसाने तीन दिवस अडवून धरलेला अंतिम सामना आता काही मिनिटांत छताखाली पुढे चालू होतो.

राहता राहिली कोलकात्याच्या उपान्त्य सामन्यातील त्या दोघीजणी. हिंगीस काही वर्षांनी दुहेरीपुरती पुन्हा मैदानात आली आणि २०१५ च्या मार्चमध्ये तिने जोडीदार म्हणून निवडली ती सानियाच. पहिल्या तीनही स्पर्धा त्या दोघींनी ओळीने जिंकल्या. त्या एप्रिलमध्ये सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. त्याच वर्षी विम्बल्डन, त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धा, पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन स्पर्धा. या जोडीने सलग ४१ सामने जिंकले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत दोहा येथे ती मालिका खंडित झाली. नऊ वर्षांपूर्वी कोलकात्यात एकीने दुसरीला एका गेमवर रोखले होते. आता जाळ्याच्या एकाच बाजूला उभ्या राहून एक जाळ्याशी चेंडू टिपत होती आणि दुसरी मागून आपला तो विख्यात उजव्या हाताचा फटका चालवीत होती.

सनफीस्ट ओपनच्या विजेत्यांची यादी लहान आहे. तीन वर्षांची एकेरीची तीन नावे आणि दुहेरीच्या तीन जोड्या, त्यांतही मिस्किनाचे नाव दोनदा आलेले. रशिया, स्वित्झर्लंड, अमेरिका, दक्षिण आफ्रिका असे देश तिच्यात दिसतात. भारताचे नाव तिच्यात एकदाच येते, २००६ च्या दुहेरीपुढे.